बसलं म्हंजे बसलं

सुभेदार खाडेंनी ठोकलेला खिळा काढायचा असेल तर आधी भिंत पाडावी लागते, असं आमच्या कॉलनीत म्हणत. हसत म्हणत, पण गोष्ट खरी होती. साताऱ्यातलं माझं भाड्याचं घर सोडलं तेव्हा भिंतीवरचा भारताचा नकाशा मी गुंडाळून घेतला, हूक मात्र तिथंच राहिला. घरमालकानं पक्कड लावून पाहिली, हातोडी मारून पाहिली, शेवटी त्यालाच कॅलेंडर अडकवून मोकळा झाला. तो हूक सुभेदारांनी बसवला होता. मी सांगितलंही नव्हतं. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणारी बाई शेजारी राहायला आली, तिचा नकाशा सुतळीनं खिडकीला टांगलेला दिसला आणि त्यांना ते बघवलं नाही, एवढंच.

"बाई, ही सुतळी तुटंल. देश खाली पडंल की वो."

"पडला तर उचलीन, सुभेदार."

"उचलायची येळच येऊ द्यायची न्हाई न्हवं."

आणि ड्रिल घेऊन आत आलेसुद्धा.

उंच, वाळकी अंगकाठी, पांढऱ्या मिशा बारीक कातरलेल्या. मूळचे वडूजकडचे. सगळी नोकरी सैन्यात, वायरलेस सेट दुरुस्त करण्यात गेली. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, हे टेस्टर लावत. कुठलीही गोष्ट बसवून झाली की ते तिला तळहातानं दोनदा थोपटत आणि म्हणत, "बसलं म्हंजे बसलं." मग जगबुडी आली तरी ती वस्तू हलणार नाही, याची खात्री बाळगावी.

एका वर्षी कॉलनीच्या गणपतीचा मांडव त्यांनी बांधला. सुंभाऐवजी तार वापरली, आणि ताराही पिळून अशा आवळल्या की विसर्जन झालं, गणपती गावाला गेले, तरी मांडव उभाच. मंडळाची पोरं रोज संध्याकाळी येऊन तारांशी झटत आणि शिव्या देत घरी जात. शेवटी करवत आणून बांबू कापावे लागले. सुभेदार अंगणात उभं राहून बघत होते. त्यांना वाईट वाटलं नव्हतं, उलट समाधानच दिसत होतं.

त्यांच्या घराच्या दाराला ट्रकच्या फाळक्याची कडी होती. भंगारातून आणलेली, मनगटाएवढ्या जाडीची. ती सरकवली की खण्ण असा आवाज गल्लीभर जाई आणि लोक म्हणत, सुभेदार झोपले.

या वेडाचं मूळ मला पुढं कधीतरी कळलं. डोंगरातल्या रस्त्यानं गाड्यांचा ताफा चालला होता. एका वळणावर वायरलेसचा सेट जागेवरून सुटला आणि शेजारी बसलेल्या जवानाच्या डोक्यावर आला, त्यात तो गेला. तो जवान यांच्याच तालुक्यातला, यांच्याबरोबरच भरती झालेला. सेट यांनी बसवला नव्हता, पण तो बसवणाऱ्याला यांनी हटकलंही नव्हतं.

"येक बोल्ट ढिला हुता, बाई," ते म्हणाले. "फकस्त येक."

आणि खिशातला टेस्टर काढून पुसायला लागले.

या माणसाला एकुलती एक मुलगी होती, उज्ज्वला. घरात उजी. वडिलांची उंची आणि आईची चेष्टेखोर जीभ घेऊन आलेली. लहानपणी विळीवर हात चालवून बघताना उजव्या अंगठ्याला खोल कापलं होतं, त्याची तिरकी खूण राहिली होती. "आप्पा, तुमच्या बोल्टाला आटे असतात तसे माझ्या अंगठ्याला आहेत," असं ती म्हणायची. सांगलीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होती आणि तिथं तिला कॉम्प्युटरचं वेड लागलं.

नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट. आमच्या भागात कॉम्प्युटर म्हणजे बँकेत काचेमागं, चपला काढून आत जायचं प्रकरण. उजीनं घरी जाहीर केलं की आपण स्वतः जोडायचा. सुभेदार आधी हसले, मग आठवड्यानं माळ्यावरची आपली हिरवी लष्करी ट्रंक खाली काढली. तिला भोकं पाडून, पत्रा कापून त्यांनी कॉम्प्युटरची पेटी केली. विकतची पेटी म्हणजे त्यांच्या मते पापडाचा डबा होता. उजी दर सुट्टीला सांगलीहून एकेक भाग आणायची, स्वेटरमध्ये गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून. बापलेक पडवीत बसत. ती सांगे, ते बसवत. कुसुमकाकू, म्हणजे सुभेदारांच्या पत्नी, मधूनमधून चहा आणून ठेवत आणि म्हणत, "ह्यातनं काय दूध निघणार हाय का?"

एक दिवस मी बघत बसले होते. त्या दिवशी प्रोसेसर बसवायचा होता. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. ते फार तापतं, म्हणून त्याच्यावर उभ्या पात्यांचा ॲल्युमिनियमचा एक ठोकळा बसवतात, हीटसिंक म्हणतात त्याला. ठोकळा खालची आच ओढून घेतो आणि वरचा छोटा पंखा ती उडवून लावतो. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्या मधे पांढरी पेस्ट लागते, म्हणजे आच वर पोचते. उजीनं ठोकळा उलटा धरला, पेस्ट काढली आणि अंगठ्यानं पसरली. अंगठा पांढरा झाला, तोच तिनं बापाच्या नाकाला लावला. त्या घरात सुभेदारांच्या नाकाला हात लावणारं दुसरं कुणी नव्हतं.

ठोकळा धरून ठेवायला तारेची एक क्लिप असते. सुभेदारांनी ती बोटानं दाबून बघितली आणि तोंड वाकडं केलं.

"ह्या केसाच्या पिनेवर डोस्कं राखायचं?"

"आप्पा, तेवढं बास असतंय."

पण त्यांनी दोन ट्यूब एकत्र कालवून लावायचा तो लोखंडासारखा घट्ट होणारा गोंद आणला आणि ठोकळ्याच्या चारी कडांना भरला, पार खालच्या खोबणीपर्यंत. उजी ओरडली, "अवो, कधी काढायचं झालं तर?"

"काढायची येळ येणार न्हाई."

"येते आप्पा. आणि आली तर ओढायचं नसतं. मशीन थोडं चालवून गरम करायचं, बंद करायचं, मग हळूच पिळायचं. ओढलं की मोडतं."

"बरं बरं," म्हणत त्यांनी ठोकळ्यावर दोनदा थोपटलं. "बसलं म्हंजे बसलं."

ते यंत्र चाललं. सुरू केलं की काळ्या पडद्यावर आधी इंग्रजी अक्षरांत एक ओळ उमटायची, उजीनं घातलेली: राम राम आप्पा. चहा झाला का? सुभेदारांना त्या यंत्रातलं बाकी काही करता येत नव्हतं. सकाळी अंघोळ झाली की ते बटण दाबत, ओळ वाचत आणि बंद करत.

उजीचं लग्न आष्ट्याला झालं. ऊसवाले, बागायतदार, घरापुढं ट्रॅक्टर. उजीच्या मनात टायपिंगची कामं घेऊन तिकडंच काहीतरी सुरू करायचं होतं, पण "आमच्यात कशाला त्यो डबा," असं सासूनं म्हटल्यावर यंत्र साताऱ्यातच राहिलं. स्थळ सुभेदारांनी स्वतः पारखलं होतं. पाठवणीच्या वेळी त्यांनी मुलीच्या पाठीवर दोनदा थोपटलेलं मी पाहिलं, आणि मला ते कसंसंच वाटलं.

वर्षाच्या आत ती परत आली. नवरा हात टाकायचा. काकूंनी तिच्या दंडावरचे वळ मला दाखवले. सुभेदारांनी तिला पंचमीपर्यंत ठेवलं, जावयाला बोलावून चार शब्द सुनावले आणि पाठवून दिलं.

दुसऱ्यांदा आली ती पहाटेच्या गाडीनं. दार वाजलं म्हणून मी खिडकीशी गेले. उजी पायरीवर उभी, हातात पिशवी, ओठ सुजलेला. आतून ती कडी खण्णकन निघाली. सुभेदार दारात आले. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. ते आत गेले, कोट घालून बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. मागून काकूंचा आवाज आला, "आवं, च्या तरी पिऊ द्या लेकराला!"

"तिकडंच पिईल."

तिची पिशवी त्यांनी आपल्या हातात घेतली. दोघं स्टँडकडं चालत गेली. उजीनं एकदा मागं वळून घराकडं पाहिलं.

ते परत आले तेव्हा मी कुंपणाशी गेले. मी भांडखोर बाई नाही, पण त्या दिवशी माझा तोल गेला. "सुभेदार, उजी म्हणजे काय भिंतीतला हूक आहे का? तिला तिथं करमत नाही म्हणून नाही आली ती. तिला मारतात."

"बाई, संसार हाय. सुरवातीला कुरकुर हुतीया. पुन्यांदा पुन्यांदा उचकटलं की भोकच मोठं हुतंय, मग काय बी बसत न्हाई तितं."

"माणसं अशी बसवत नसतात."

"तुमी नकाशा शिकवा," ते म्हणाले आणि आत गेले. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं.

उन्हाळ्यात आष्ट्याहून निरोप आला. स्टोव्हचा भडका उडाला म्हणाले.

सुभेदार गेले ते थेट त्या घराच्या स्वयंपाकघरात. बायका रडत होत्या, पंचनामा चालला होता, आणि हा माणूस कोपऱ्यातला स्टोव्ह उचलून बघत होता. पंपाचा वायसर शाबूत. टाकीला चीर नाही. बर्नरवर काजळीसुद्धा नाही. सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं ते म्हणाले, "ह्यो स्टो भडकल्याला न्हाई." लिहिणाऱ्यानं मान वर केली, खाली घातली आणि भडका असंच लिहिलं. पुढं त्यांनी खेपा घातल्या, अर्ज दिले, आष्ट्याच्या शेजारपाजाऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. कुणी काही ऐकलं नव्हतं, कुणी काही पाहिलं नव्हतं. त्या जावयाचं दुसरं लग्नही झालं.

कुसुमकाकू नवऱ्याशी बोलेनाशा झाल्या. भांडण नाही, आदळआपट नाही. वेळेवर ताट ठेवत, वेळेवर उचलत. शब्द मात्र एक नाही. आमच्याशी बोलत, दूधवाल्याशी बोलत, दारात येणाऱ्या गाईशी बोलत. ते खोलीत आले की ओठ मिटत. मला त्या माणसाची दया यायची, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग यायचा.

सकाळचं बटण मात्र त्यांनी सोडलं नाही. राम राम आप्पा, चहा झाला का. आता ते यंत्र लगेच बंद करत नसत. तसंच चालू ठेवून समोर बसत.

मग यंत्र आजारी पडलं. सुरू झालं की थोड्या वेळानं गोठायचं, पुढं पुढं तर ओळ पुरती उमटायच्या आतच. गावात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा दीपक नावाचा तरुण होता, त्याला त्यांनी बोलावलं. त्यानं ट्रंकेचं झाकण उघडलं, ठोकळ्याला हात लावला आणि म्हणाला, "सुभेदार, हात लावा. पंखा फिरतोय, ठोकळा गारेगार. म्हणजे खाली प्रोसेसर जळतोय आणि वरच्याला पत्ता नाही. मधली पेस्ट वाळून गेलीय. ठोकळा काढून, दोन्ही बाजू लख्ख पुसून, नवी पेस्ट लावली तर चालेल. पण हा गोंद कुणी घातलाय?"

"मी."

"मग निघायचं नाही हे. ओढलं तर सगळंच हातात येईल. त्यापेक्षा तुमची ती हार्ड डिस्क मी दुसऱ्या मशीनला लावून देतो. ओळ तीच दिसेल."

"दुसरं मशीन तिनं जोडल्यालं न्हाई," सुभेदार म्हणाले. जाताना दीपक नव्या पेस्टची पुडी ट्रंकेवर ठेवून गेला.

रविवारी दुपारी ते माझ्या फाटकाशी आले. आत आले नाहीत. "बाई, जरा बॅटरी धराय याल का? दोन हात पुरं पडंनात." कितीतरी दिवसांनी ते माझ्याशी बोलत होते. मी त्यांच्यासाठी गेले नाही. उजीच्या यंत्रासाठी गेले, असं तेव्हा मनाशी म्हटलं.

पडवीत ट्रंक उघडी होती. शेजारी दाढीचं ब्लेड, मासे धरायचा तंगूस, कापूस आणि स्पिरिटची बाटली. काकू आतल्या उंबऱ्याशी गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

त्यांनी आधी बटण दाबलं. पडद्यावर ओळ आली. राम राम आप्पा. चहा झाला का?

"झाला," सुभेदार म्हणाले. मला वाटलं मलाच काही म्हणाले, म्हणून मी "काय?" असं विचारलं. ते पडद्याकडं बघत होते.

यंत्र तापू दिलं. ते गोठलं, तसं बंद करून वायर काढली. मग ब्लेडनं एकेक कड कोरायला घेतली. आपणच भरलेला गोंद ते नखाएवढा, नखाएवढा काढत होते. दोन कडा सुटल्यावर फटीत तंगूस घातला आणि तो इकडून तिकडं, इकडून तिकडं ओढत राहिले. घाम मिशीत उतरला होता. वाकून वाकून त्यांची मान थरथरायला लागली. मी म्हटलं, "थोडं थांबा."

"गार हुईल."

मग तंगूस टाकून त्यांनी ठोकळा दोन्ही हातांच्या बोटांत धरला. पुटपुटत होते. आधी मला कळलं नाही, मग कळलं. "वडायचं न्हाई. हळूच पिळायचं. वडलं की मोडतंय." सगळ्या आयुष्यात त्या हातांनी फक्त आवळलं होतं. ते जरा डावीकडं गेले, जरा उजवीकडं. पुन्हा डावीकडं.

टक् असा बारीक आवाज झाला आणि ठोकळा त्यांच्या हातात आला. काही मोडलं नव्हतं. प्रोसेसर जागच्या जागी होता.

"निघालं," ते म्हणाले. आणि हसले. खरंच हसले, मी बॅटरीच्या उजेडात पाहिलं. मग पुसायला म्हणून त्यांनी कापूस स्पिरिटमध्ये बुडवला, ठोकळा उलटा केला आणि हात तिथंच थांबला.

गोंदाचा एक थेंब त्या वेळी कोपऱ्यात शिरला होता आणि त्यानं ठोकळ्याची एक बाजू केसभर उचलून धरली होती. त्या बाजूला ठोकळा खाली टेकलाच नव्हता. पेस्ट ओली होती तोवर कसंबसं भागलं, वाळल्यावर आचेची वाट बंद झाली. बाकी ठिकाणी पेस्ट दबून सपाट झाली होती, चुन्याच्या पोपड्यासारखी. त्या न टेकलेल्या कोपऱ्यात मात्र ती जशी पसरली होती तशीच राहिली होती. तिच्यात एक अंगठा उठला होता, बारीक रेघारेघांचा, आणि त्यातून जाणारी विळीची तिरकी खूण.

मी बॅटरी आणखी जवळ नेली.

"पुसल्याबिगार चालू हुणार न्हाई," सुभेदार म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे. त्यांनी कापूस जवळ नेला, लांब नेला, परत जवळ नेला. ओला कापूस त्यांच्या मुठीत आवळला गेला आणि स्पिरिट मनगटावरून खाली गळायला लागलं. "बाई, तुमी पुसता का?"

मी नाही म्हटलं. माझ्याकडून झालं नसतं.

तेवढ्यात काकू उठून आल्या. त्या वाकल्या, नवऱ्याच्या हातातल्या त्या ठोकळ्याकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी त्यांच्या मुठीतला कापूस काढून घेतला.

"पुसू नगा," त्या म्हणाल्या.

उजी गेल्यापासून त्या नवऱ्याशी बोललेले ते पहिले शब्द. पुढं काही बोलल्या की नाही, मला माहीत नाही. त्यांनी ठोकळा स्वच्छ पातळाच्या तुकड्यात गुंडाळला आणि आत नेला. सुभेदार उघड्या ट्रंकेसमोर तसेच बसून राहिले, आणि मग त्यांची मान एकदम खाली गेली. ते मोठ्यानं रडले. कॉलनीनं ऐकलं असेल. मी बॅटरी बंद केली आणि घरी आले. येताना मला त्यांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला होता. फिरवला नाही. उजीचा सुजलेला ओठ आठवला.

ते यंत्र पुन्हा कधी सुरू झालं नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली सांगलीला झाली. सामान टेम्पोत चढल्यावर निरोप घ्यायला मी त्यांच्याकडं गेले. दारावर थाप मारली, तर दार नुसत्या थापेनंच उघडलं. फाळक्याची कडी जागेवर नव्हती. चौकटीत चार भोकं उरली होती आणि भोवतालचं लाकूड पार सोलवटलं होतं. आपलंच काम उचकटताना त्यांना किती झटावं लागलं असेल, ते त्या लाकडावर दिसत होतं.

सुभेदार दाराकडं तोंड करून खुर्चीत बसले होते. मागं ट्रंक, झाकण मिटलेलं.

"या बाई. ढकलायचं नुस्तं."

"कडी काय झाली?"

"काढली."

"आणि रात्री? चोरबीर?"

"नेऊ द्या काय न्यायचं ते." मग म्हणाले, "कवा कोण यील, सांगता येतंय व्हय? पहाटंची गाडी असती. कुनी आलं तर ढकललं की आत. उबं राहाय नगं."

येते म्हटलं, काकूंना नमस्कार केला आणि बाहेर पडताना सवयीनं दार ओढून घेतलं. फाटकाशी पोचेपर्यंत ते आपोआप पुन्हा उघडलं होतं. आत सुभेदार तसेच बसलेले दिसत होते, दाराकडं बघत.